कांदळवन, मंगळवेढा रोड

कोकणातल्या मांडवखोल नावाच्या खाडीकाठच्या गावात कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, लावायचं, त्यासाठी वीस हजार रोपं लागणार, आणि ती वाढणार कुठं, तर सोलापुरात, मंगळवेढा रस्त्यावर, आबासाहेबांच्या रोपवाटिकेत. ऐकणाऱ्याला वाटेल कुणीतरी थट्टा करतंय. पण करार झाला होता, सह्या झाल्या होत्या, आणि आबासाहेबांनी हार घालून घेतलेला फोटो गेटवर लागलाही होता.

हे घडलं कसं, तर मुंबईतल्या एका सल्लागार कंपनीनं अर्ज मागवले. अर्जात रोपवाटिकेची क्षमता विचारली होती, शेडनेट किती गुंठे ते विचारलं होतं, मजुरांत बायका किती तेही विचारलं होतं. समुद्र किती लांब आहे हे विचारायचं मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आणि न विचारलेलं सांगायला आबासाहेब काय दूधखुळे होते? दर सगळ्यात कमी भरला आणि काम खिशात घातलं.

इमामबीला हे कळलं ते गेटवरच्या फोटोवरून. इमामबी म्हणजे त्या रोपवाटिकेची मुकादम. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकी, तोंडानं कोयता. तीस वर्षं ती डाळिंबाच्या गुट्या बांधत होती. फांदीची बोटभर साल गोल सोलायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, प्लास्टिकनं करकचून आवळायचं आणि मुळ्या फुटल्या की फांदी कापून पिशवीत लावायची. ज्यांच्यावर या गुट्या बांधायच्या ती चाळीस डाळिंबं रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला उभी होती. आईझाडं म्हणायचे सगळे त्यांना. ज्या वर्षी तेल्या रोगानं आसपासच्या बागा काळ्या पडल्या, त्या वर्षी तिनं ही चाळीस झाडं एकेक फांदी छाटून, दर झाडागणिक कात्री औषधात बुडवून वाचवली होती. तेव्हापासून सांगोल्यापासून माळशिरसापर्यंतचे शेतकरी गाडीतून उतरले की रामराम आबासाहेबांना घालायचे आणि विचारायचे इमामबीला, "बाई, येईल का आमच्यात?" ती व्हय म्हणाली तर रोपं घ्यायचे, न्हाय म्हणाली तर चहा पिऊन परत जायचे. मालकांना हे झोंबायचं, पण धंदा चालत होता म्हणून गिळून गप्प बसायचे.

त्या चाळीस झाडांवर इमामबीचा जीव होता. खरं सांगायचं तर सख्ख्या भावापेक्षा जास्त होता, आणि भावाला ते माहीत होतं.

समुद्राचं काम बघायला आबासाहेबांनी पुतण्याला आणलं. अभिमन्यू त्याचं नाव. पुण्यात एमबीए केलेला, डोक्याला रुंद काठाची टोपी, पायात डोंगर चढायचे बूट. आमच्याकडं चढायला डोंगर कुठला, पण बूट होते. त्यानं सगळ्या बायकांना शेडनेटखाली बसवून माहिती दिली.

"ही खारफुटी हवेतला कार्बन ओढून घेते आणि खाली चिखलात शेकडो वर्षं दाबून ठेवते. त्याला ब्लू कार्बन म्हणतात. परदेशातल्या कंपन्या त्याचे पैसे मोजतात."

"त्यांनी कशापायी मोजायचे?" इमामबीनं विचारलं.

"ते धूर सोडतात ना. इकडं झाडं लावली की तिकडचा धूर वजा होतो."

"म्हंजी धूर त्यांनी काढायचा, चिखलात उभं ऱ्हायचं कोकणातल्या बायांनी, आन् हार घालून घ्यायचा तुमच्या काकांनी. लई ब्येस हाय की वो हे."

बजाबाई आणि चंद्रव्वा तोंडाला पदर लावून खुसखुसल्या. अभिमन्यूनं पुढचं चित्र दाखवलं.

ऑगस्टात ट्रक आला. पोत्यांत हिरव्या, हातभर लांब, टोकाला निमुळत्या शेंगा. इमामबी नेमकी त्या दिवशी अक्कलकोटला बहिणीकडं गेली होती. आता आमच्या जिल्ह्यात लांब शेंग म्हटली की माणसाला एकच शेंग ठाऊक, शेवग्याची. ती वाळवायची, फोडायची, बी काढायचं आणि पिशवीत टोबायचं. अभिमन्यूनं एक शेंग हातात धरून उलटसुलट बघितली, बायकांना विळे दिले आणि सांगितलं, "सोला."

बायकांनी सोलल्या. आत बी नाही. आणखी सोलल्या. आत नुसता हिरवा-पांढरा गर. अभिमन्यू म्हणाला, या कच्च्या असतील, दुसऱ्या पोत्यातल्या बघा. असं करत करत संध्याकाळपर्यंत दोन पोती सोलून झाली आणि घमेल्यात बी म्हणून एक पडलं नाही. साहेबांनी मुंबईला फोन लावून मालच खराब आलाय अशी तक्रारही केली. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, सांगा.

दुसऱ्या दिवशी इमामबी आली. तिनं एक शेंग उचलली, वरच्या अंगाला फळाची टोपी होती ती ओढून काढली, तर आत दोन इवली पानं एकमेकींना बिलगून मिटलेली. 

"अय्यो अल्ला! जन्मलेलं पोर हाय हे, आन् तुमी त्याचं पोट फाडून आत पोर हुडकायलाव?"

ती शेंगच नव्हती. बी झाडावर असतानाच रुजलं होतं आणि त्याचं रोप होऊन आईच्या अंगाला लोंबत होतं. इमामबीनं जन्मात खारफुटी पाहिली नव्हती, पण रोप कशाला म्हणतात हे कळायला तिला मुंबईची गरज नव्हती. उरलेली सगळी तिनं निमुळतं टोक खाली करून मातीच्या पिशव्यांत रोवायला लावली आणि तळ्यातलं गोडं पाणी दिलं. दिवाळीपर्यंत जाड, चकचकीत पानांच्या दोन-दोन जोड्या आल्या. अभिमन्यूनं त्यांचा व्हिडिओ करून 'आमची वैज्ञानिक पद्धत' म्हणून पाठवला. सोललेल्या दोन पोत्यांचं त्यात नाव नव्हतं.

इथंच थांबले असते तर आबासाहेबांचं नाव झालं असतं. पण मार्चमध्ये फॉर्म आला. पाहणीला माणसं येणार, त्याआधी तो भरून पाठवायचा. त्यात एक रकाना होता, पाण्यातल्या मिठाचा. अभिमन्यूनं पाणी तपासून खरा आकडा लिहिला, जवळजवळ शून्य. मुंबईहून उत्तर आलं की खारफुटी असताना शून्य कसं, दुरुस्त करून पाठवा. आता कुणी धड माणसानं फॉर्म दुरुस्त केला असता, नाहीतर फोन करून भांडण काढलं असतं. या काका-पुतण्यांनी पाणी दुरुस्त करायला घेतलं.

ऐंशी पोती जाडं मीठ आलं. कातडी टिकवायला लावतात ते. रोपवाटिकेचं शेततळं उन्हाळ्यानं निम्म्याखाली गेलं होतं, त्यात आधी टँकरनं पाणी ओतलं आणि मग त्या पाण्यात मीठ. वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी कडेवर घेऊन कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. "खूळ लागलंय का गं ह्यांला?" त्यांतली एक म्हणाली. सगळं समोरच चाललं होतं.

इमामबी तरातरा आबासाहेबांच्या खोलीत गेली.

"मालक, ह्याच तळ्यातनं माझ्या आईझाडांचं ठिबक चालतंय. मीठ गेलं तर झाडं जातील. डाळिंबाला मीठ म्हंजी जहर."

"अगं, तेवढं कळतं मला. तिकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवू. तुझ्या झाडांना चार दिवसाला वेगळा टँकर. शब्द देतो, झालं?"

शब्द दिला. इमामबीनं स्वतः जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि वरून तारेचे चार वेढे मारले. मालकांच्या शब्दापेक्षा तिचा तारेवर भरवसा जास्त होता. मग तौहीद नावाचा टँकरवाला चार दिवसाला येऊन झाडांना पाणी देऊ लागला. खारफुटीच्या पिशव्या खाऱ्या तळ्याच्या कडेला पाण्यात मांडल्या. त्यांना काही झालं नाही. समुद्राचीच ती, मिठाला थोडीच भिणार?

पाहणी एप्रिलमधल्या एका सोमवारी ठरली. इमामबी शनिवार-रविवार रजेवर होती, भाच्याचा साखरपुडा होता. शनिवारी अभिमन्यूसाहेब गेटपासून तळ्यापर्यंत चालत गेले, पाहुण्यांना कसं दिसेल ते बघायला. वाट आईझाडांच्या कडेनं जायची. झाडं उन्हानं मलूल, पानांवर धूळ. त्यांना ते बरं दिसेना. पाहुण्यांना कसं सगळं हिरवंगार, टवटवीत दिसलं पाहिजे! पक्कड घेतली, तार तोडली, व्हॉल्व्ह उघडला, मोटर चालू केली. दोन दिवस ठिबक चालू राहिलं.

सोमवारी सकाळी इमामबी कामावर आली ती सवयीनं आधी झाडांकडं गेली. बुंध्याशी माती ओली दिसली आणि ओलीच्या कडेला पांढरी रेघ. तिनं ठिबकचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थुंकली. मग ती पळाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, साडीचा ओचा हातात धरून, मोटर बंद करायला पळाली आणि तिथून आबासाहेबांकडं.

आबासाहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हातात पुष्पगुच्छ, गेटवर उभे होते.

"मालक, ठिबकनं मीठ गेलंय. आत्ताच्या आत्ता चार-पाच टँकर गोडं पाणी सोडलं तर मीठ मुळांच्या खाली उतरंल. उद्या न्हाय, आज."

आबासाहेबांनी अभिमन्यूकडं बघितलं. अभिमन्यूनं टोपी नीट केली. "मी बंद करायला विसरलो," तो म्हणाला.

"बरं बरं. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

"झाडं मरतील वो!"

"इमामबी, आजच्या दिवशी रडगाणं नको. हस जरा. फोटो निघणार आहेत."

आणि तौहीदचा टँकर कुठं होता त्या वेळी? गेटसमोरच्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारत होता. पाहुण्यांच्या गाड्यांना धूळ लागू नये म्हणून.

पाहुणे आले. कंपनीची तिघं, त्यांत एक बाईसाहेब, आणि त्यांच्याबरोबर मांडवखोलची एक बाई, शेवंती तांडेल. गावाची प्रतिनिधी म्हणून फोटोपुरती तिला इतक्या लांबून गाडीत घालून आणली होती. रात्रभर प्रवासानं बाईचा चेहरा उतरलेला. पण तळं बघितल्याबरोबर ती थबकली, खाली वाकली, पाण्यात बोट बुडवून चोखलं आणि जी हसत सुटली ती थांबेचना. आबासाहेबही हसले. त्यांना वाटलं, बाई खूश झाली.

कंपनीची तिघं पानं मोजत पुढं गेली तशी शेवंती इमामबीजवळ येऊन उभी राहिली.

"रोपं तुम्ही रोवलीत?"

"व्हय."

"छान आलीत. पण हा समुद्र कशाला केलात गो?"

"मीठ लागतं म्हणं ह्यांला."

"कुणी सांगितलं? कांदळाचं पोर गोड्या पाण्यातसुद्धा वाढतं की. पावसाळ्यात आमची खाडी निम्मी गोडीच असते. आणि खरं सांगू? आम्हाला रोपं नकोच होती. आमच्या खाडीवर रस्त्याचा भराव टाकलाय, त्यानं भरतीचं पाणी आत येत नाही, म्हणून जुनं कांदळवन मेलं. भरावाखाली मोठे पाइप टाका, एवढंच आम्ही तीन वर्षं मागतोय. पाणी आत आलं की शेंगा आपल्या वाहत येतात आणि चिखलात रुजतात. लावायलासुद्धा नको. तर यांनी रोपं दिली. आणि तीही म्हणे सोलापूरची."

इमामबीचं मन मात्र मिठापाशीच अडकलं होतं. "म्हंजी मीठ उगाच?" तिनं विचारलं.

"अगदी उगाच गो."

इमामबीचा संताप मस्तकात गेला. ती तडक साहेबांच्या घोळक्यात घुसली आणि मोठ्यानं बोलली. ऐंशी पोत्यांचं सांगितलं, तार तोडल्याचं सांगितलं, शेवंतीबाईचा हात धरून पुढं ओढलं आणि म्हणाली, ह्यांना इचारा, मीठ लागत नव्हतं, आन् रोपं बी लागत नव्हती. शेवंतीनंही पाइपांचं सांगितलं, रोखठोक. तिघांतल्या बाईसाहेबांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि गोड हसल्या. पुढं अहवाल आला त्यात त्या दिवसाबद्दल एक ओळ होती: 'स्थानिक व किनारी महिलांमध्ये प्रकल्पाविषयी उत्साही चर्चा झाली.' पाइपांचा उल्लेख नव्हता. भरावाचाही नव्हता.

इमामबी तिथून निघाली ती रस्त्यावर तौहीदसमोर जाऊन उभी राहिली. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तौहीदनं रस्त्यावरचं पाणी बंद केलं, टँकर वळवला आणि विचारलं, "चाची, बोलो, पयले किधर छोडूँ?" आबासाहेब गेटवरून हातवारे करत राहिले. तौहीदनं त्या दिवशी पाच खेपा केल्या. बजाबाई, चंद्रव्वा सगळ्या बायका फावडी घेऊन आल्या, बुंध्याभोवती आळी केली, पाणी भरलं, जिरलं की पुन्हा भरलं. पण दोन दिवसांचं मीठ होतं. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, मग सगळी पानं तांबूस होऊन गळाली. काड्या नखानं खरवडल्या की आत हिरवं दिसायचं ते रोज एकेका झाडावर दिसेनासं झालं. तेहतीस झाडं गेली. इमामबी त्या दिवसांत कुणाशी धड बोलली नाही, आणि बोलली ते शिव्याच बोलली.

पाचव्या आठवड्यात सात झाडांना फूट आली. लालसर, तांदळाएवढ्या कोंबांची. इमामबीनं बजाबाईला हाका मारून बोलावलं आणि दोघी त्या झाडांपुढं उभ्या राहून रडल्या.

ही बातमी आबासाहेबांपर्यंत गेली. ते स्वतः बघायला आले, सातही झाडांभोवती फिरले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की इमामबीला क्षणभर वाटलं, या माणसाला खरंच आनंद झालाय.

"खारं पाणी पिऊन जगली म्हणजे? अगं, मग हे नवं वाणच झालं की!"

"वाण कसलं? मरता मरता ऱ्हायलीत. गोड्या पाण्यानं वाचलीत."

"तू गप. क्षारपड जमिनीवाले किती हिंडतात माहिताय? सोन्याच्या भावानं घेतील." आणि तिसऱ्या दिवशी बोर्ड लागला. 'इमामबी खारसह डाळिंब. चोपण जमिनीतही हमखास.' नाव तिचं घातलं होतं. विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

इमामबी बोर्ड काढा म्हणायला गेली तेव्हा आबासाहेबांनी सगळं सरळ करून सांगितलं. खारफुटीचा दुसरा टप्पा मंजूर झाला होता, आणखी चाळीस हजार रोपं. त्यासाठी दुसरं तळं लागणार होतं, आणि त्याची जागा आखली होती ती आईझाडांच्याच तुकड्यात. "तुझी सात झाडं वाण म्हणून विकली गेली तर ती राहतील, तळं मी दुसरीकडं काढतो. नाही विकली गेली तर नुसती बघायला मला झाडं नकोत. जेसीबी सांगून ठेवलाय. आता तूच ठरव."

दोन दिवसांनी वेळापूरहून जोतिराम नावाचा शेतकरी आला. बोर्डाचा फोटो कुणीतरी त्याला फोनवर पाठवला होता. कॅनॉलच्या पाण्यानं त्याची तीन एकर जमीन चोपण झाली होती, वर पांढरं फुटलेलं, काही उगवत नव्हतं. आबासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, झाडं दाखवली. जोतिरामनं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणं मान वळवली.

"बाई, तुमी सांगा. येईल का आमच्या चोपणात?"

आबासाहेब त्याच्या पाठीमागं उभे होते. ते इमामबीकडं बघत होते, आणि इमामबी झाडांकडं. कोंब आता बोटभर झाले होते. एका झाडाला तर चुकार कळीही आली होती. व्हय म्हटलं की सातही राहणार होती. एवढा एकच शब्द. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"न्हाय येणार," ती म्हणाली. "मिठानं माझी तेहतीस मारलीत. ह्या सातांना गोडं पाणी पाजलंय म्हणून उभी हायत. बोर्डावर माझं नाव हाय, पर ते मी लिवलेलं न्हाय. तुमी आदी जमिनीला चर काढा, मीठ भाईर जाऊ द्या. मग या."

जोतिरामनं चहाचा कप खाली ठेवला, तिला हात जोडले आणि मोटारसायकलला किक मारली. तो दिसेनासा होईपर्यंत आबासाहेब रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

इमामबी उद्याही आली. जेसीबी आला होता, तिच्याआधी. अभिमन्यू टोपी घालून दोरी धरत होता, तळ्याची हद्द आखत होता. यंत्राच्या दात्यांनी पहिलं झाड मुळासकट उचललं आणि हवेतच धरलं. मातीचा गड्डा फुटला. आत बोटाबोटाएवढ्या, दुधासारख्या पांढऱ्या नव्या मुळ्या लोंबत होत्या, शेकड्यानं. झाड नुसतं तगलं नव्हतं, चांगलं बरं झालं होतं. येत्या हंगामात त्यानं फळ दिलं असतं.

ड्रायव्हरनं काचेतून डोकं बाहेर काढलं. "मावशे, हे तर जित्तं हाय की!"

"व्हय," इमामबी म्हणाली. "जित्तं हाय."

"ओढ रे, बघत काय बसलास?" आबासाहेब ओरडले.

ड्रायव्हरनं झाड अलगद जमिनीवर ठेवलं आणि इंजिन बंद केलं. इमामबीनं कमरेची कात्री काढली, पडलेल्या झाडापाशी बसली आणि वीतवीत लांबीच्या काड्या कापायला लागली. डाळिंबाची काडी ओली राहिली तर मुळं धरते, सगळ्या नाहीत, पण धरते. बजाबाईनं गोणपाट भिजवून आणलं. चंद्रव्वा दुसऱ्या झाडाकडं गेली. मालक काय म्हणतात याकडं कुणी वळून बघितलं नाही. अभिमन्यू हातात दोरी घेऊन उभा होता, त्याला ती सोडावी की धरावी ते कळेना.

"ही माझी झाडं आहेत! चोरीची तक्रार देईन, सांगून ठेवतो!" आबासाहेबांचा आवाज चिरकला.

"द्या की," इमामबी मान वर न करता म्हणाली. "पोलीस आले की त्यांला तळं बी दाखवा. चवीला बरं लागंल."

सातव्या झाडाची शेवटची काडी गोणपाटात गुंडाळून होईपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून सावलीत तंबाखू मळत बसला होता. इमामबी गाठोडं डोक्यावर घेऊन गेटबाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेला तौहीदच्या टँकरची वाट बघत उभी राहिली. मागं इंजिन सुरू झाल्याचं तिनं ऐकलं. गाठोड्यातलं पाणी मानेवरून तिच्या पाठीत ओघळत होतं.